मराठ्यांच्या मोहिमेला पावसाळा हवा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘टोटल वॉर’ या व्यूहरचनेच्या संगणकीय खेळमालिकेला 2025 साली पंचवीस वर्षे पूर्ण झाली आणि त्याचे औचित्य साधून क्रिएटिव्ह असेंब्ली या इंग्लंडमधील कंपनीने डिसेंबरमध्ये मालिकेतील ‘मिडीव्हल’ या खेळाचा तिसरा भाग हाती घेतल्याचे जाहीर केले. दुसरा भाग 2006 सालचा असल्याने जगभरच्या चाहत्यांना झालेला आनंद समजण्यासारखा आहे. कोल्हापूर परिसरात या मालिकेचे जे खेळाडू आहेत, त्यांचे डोळे मात्र याच मालिकेतील ‘एम्पायर’च्या उत्तरभागाकडे लागलेले आहेत, आणि त्या घोषणेत त्याचे नाव नव्हते. हा भाग उद्या येवो की आणखी काही वर्षांनी, त्यात काय असावे हे सांगण्याची वेळ आताच आहे, असे मला वाटते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मार्च 2009 मध्ये आलेल्या ‘एम्पायर’मध्ये 1700 सालापासूनचे शतक आहे. युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान असे तीन मोठे नकाशे त्यात असून खेळाडूने एक सत्ता निवडून तिचा खजिना, करवसुली, सैन्य आणि आरमार सांभाळायचे असते. निवडता येणाऱ्या मोजक्या सत्तांत ब्रिटन, फ्रान्स, रशिया, ऑटोमन यांच्या पंक्तीला मराठे आहेत. मोगल नकाशावर आहेत, पण मुख्य मोहिमेत ते खेळाडूला घेता येत नाहीत. परदेशी कंपनीच्या गाजलेल्या खेळात मराठी सत्तेला बरोबरीचे पान मांडले गेल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही, आणि म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही आमच्याकडची मुले हा खेळ सोडायला तयार नाहीत. 2024 साली तो मोबाईलवर आल्यापासून तर महाविद्यालयाच्या कट्ट्यावरही दिल्ली जिंकली जाऊ लागली आहे.

आता उणिवेकडे वळतो. खेळाचा आरंभ ज्या 1700 साली होतो, त्याच वर्षी मार्चमध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले आणि महाराणी ताराबाईंनी कारभार हाती घेतला. औरंगजेब स्वतः दक्षिणेत तळ देऊन बसलेला होता आणि पुढची काही वर्षे युद्धाचा भार आपल्याच डोंगराळ मुलखाने वाहिला. या युद्धात मराठ्यांचा सर्वांत भरवशाचा साथीदार होता तो पाऊस. खेळात मात्र एका वर्षाच्या दोनच चाली आहेत, एक उन्हाळ्याची आणि दुसरी हिवाळ्याची. मृगापासून दसऱ्यापर्यंतचा काळ त्यात नाहीच, त्यामुळे सीमोल्लंघनाला निघायचे, आणि आठ महिन्यांनी आभाळ भरून येण्याआधी फौज माघारी आणायची, हा आपल्याकडच्या युद्धाचा मूळ हिशेबच पटावरून नाहीसा झालेला आहे.

विशाळगडाचे उदाहरण घ्यावे. 1701 च्या अखेरीस मोगलांनी गडाला वेढा घातला. परशुराम त्रिंबकांनी तो जून 1702 पर्यंत लढवला आणि पावसाळा डोक्यावर आला असताना भरभक्कम रक्कम घेऊन गड सोडला. बादशहाच्या पदरात किल्ला पडला खरा, परंतु परतीच्या वाटेवर ओढे-नाले फुगलेले, तोफांची चाके चिखलात रुतलेली आणि ओझ्याची जनावरे मरून पडत असलेली, अशा स्थितीत विशाळगड ते पन्हाळा एवढे अंतर कापायला त्या प्रचंड फौजेला महिन्याहून अधिक काळ लागला. तोच रस्ता आज गाडीने दोन-अडीच तासांचा आहे, आणि जुलै महिन्यात तो ज्याने पाहिला आहे त्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. किल्ला शेवटच्या माणसापर्यंत न लढवता शत्रूचा हंगाम खायचा, वर पैसे घ्यायचे आणि फौज दूर गेली की तोच किल्ला परत घ्यायचा, ही रणनीती त्या काळी बादशहाच्याही आवाक्यात आली नाही. नव्या खेळात ती खेळाडूला वापरता आली तर मराठ्यांची मोहीम इतर कोणत्याही सत्तेच्या मोहिमेपेक्षा वेगळी होईल.

किल्ल्यांचेही तसेच आहे. सध्याच्या खेळातील किल्ला बहुतांशी सपाटीवरचा, युरोपीय धर्तीचा आहे, आणि कोणतीही पायदळाची तुकडी दोर टाकून त्याचा तट चढून जाते. (घोरपडीच्या दंतकथेवर वाढलेल्या आम्हा मंडळींना याची मौज वाटते, हे मान्य करायला हवे.) पन्हाळ्याचा तीन दरवाजा, धान्याची अजस्र कोठारे आणि अंधारबाव ही विहीर पाहिल्यावर हा गड महिनोन्‌महिने कसा तग धरत असेल, याचा उलगडा होतो. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जे बारा मराठा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळ्याबरोबर तमिळनाडूतील जिंजीही आहे, म्हणजे नकाशाकारांना आधार शोधत फिरण्याची गरज उरलेली नाही.

चाहत्यांच्या अपेक्षा आंधळ्या आहेत, असे मात्र कोणी समजू नये. ‘एम्पायर’ आणि पुढे 2013 चा ‘रोम’चा दुसरा भाग हे दोन्ही खेळ प्रथम आले तेव्हा त्यांतील दोषांनी खेळाडू हैराण झाले होते, त्यामुळे दुधाने तोंड पोळलेले हे लोक आता ताकही फुंकून पितात. घाईने बाजारात आणलेल्या खेळापेक्षा उशीर त्यांना परवडेल.

माझे सांगणे इतकेच आहे की, खेळ आल्यावर त्यातील चुकांवरून निषेधाची पत्रके काढण्यापेक्षा त्याआधीच साधने पुढे ठेवावीत. दुर्ग, आरमार आणि खजिना यांविषयी रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आहे, कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात दफ्तरे आहेत आणि शिवाजी विद्यापीठात इतिहासाचा विभाग आहे. विभागातील विद्यार्थ्यांनी आणि इथल्या खेळाडूंनी एकत्र बसून पावसाळा, वेढे आणि गडांची रचना यांवर दहा-पंधरा पानांचे सटीप इंग्रजी टिपण नकाशांसह तयार करून कंपनीकडे पाठवावे. हे काम एका सुट्टीत होण्यासारखे आहे. आपल्या वृत्तपत्राने त्यासाठी आवाहन केल्यास माझ्यासारखे अनेकजण टंकलेखनापासून भाषांतरापर्यंत पडेल ते काम करायला तयार आहेत.

आपला विश्वासू,
एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर