फायर स्टेशनच्या रोख्यांचा कागद वाचायला शिकवणाऱ्या काकांचे जाहीर आभार

प्रिय काका,

सादर नमस्कार.

आपल्या गावचं १९५०च्या दशकातलं फायर स्टेशन पाडून नवं बांधण्यासाठी शहरानं रोखे काढावेत का, म्हणजे कर्ज काढून ते मालमत्ता करातून फेडावं का, हा प्रश्न यंदा आपल्या मतपत्रिकेवर आहे. मराठी शाळेबाहेर टेबल मांडून तुम्ही त्याची जी उकल करून दिलीत, तिच्याबद्दल हे पत्र. खाजगीत आभार मानून भागलं असतं, पण कॅलिफोर्नियातल्या इतर गावांतल्या मराठी मतदारांसमोरही असाच कागद आज ना उद्या येणार आहे. म्हणून हे उघड पत्र.

इथल्या फायर चीफसाहेबांची अडचण विचित्र आहे. इमारतीत काय बिघडलंय ते सगळ्यांत नीट त्यांनाच ठाऊक. पण सरकारी पैशानं ‘हो म्हणा’ असा प्रचार करता येत नाही. १९७६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं स्टॅन्सन विरुद्ध मॉट खटल्यात तसा निकाल दिलेला आहे. जवानांनाही गणवेशात प्रचाराला मनाई. म्हणजे शहराकडून मिळतं ते गुळगुळीत माहितीपत्रक आणि विरोधकांकडून ‘आणखी एक कर’ एवढी आरोळी. या दोहोंच्या मधलं काम कुणातरी जाणत्या रहिवाशानंच करायचं असतं. निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून ते तुम्ही अंगावर घेतलंत.

खुल्या भेटीच्या दिवशी तुम्ही सगळ्यांना आधी दार मोजायला लावलंत. जुनं दार १० फूट रुंद. आजच्या बंबाची नुसती बॉडीच आठ फुटांच्या वर, त्याला दोन्ही बाजूंनी आरसे. डाव्या चौकटीवर कमरेच्या उंचीला लाल रंगाचे ओरखडे एकावर एक चढलेले होते, तिथे बोट ठेवून तुम्ही म्हणालात, ‘अहवाल नंतर वाचा, आधी हे वाचा.’ नव्या स्टेशनात १४ बाय १४ फुटांची दारं का मागतात, हे त्यानंतर कुणालाच विचारावं लागलं नाही. शिवाय जुन्या दारातून बसेल असा बुटका, आखूड बंब खास बनवून घ्यायचा तर तो महाग पडतो. जुन्या इमारतीचा हा खर्च इमारतीच्या हिशेबात कधी दिसत नाही, गाडीच्या हिशेबात लपतो.

‘मग दार मोठं करा की!’ हा अगदी रास्त प्रश्न. त्याचं तुमचं उत्तर आम्ही पुढे अनेकांना ऐकवलं. फायर स्टेशनचा दर्शनी भाग म्हणजे सगळी दारंच, भिंत जवळजवळ नाहीच. मागची बाजू मात्र भरीव. भूकंपात अशी इमारत पुढून जास्त हलते आणि पिळवटते. समोरची चौकट इंच-दोन इंच कलली तरी दाराचे रूळ अडकतात आणि बंब आतच कोंडला जातो. मजबुती करायची तर पुढच्या चौकटीत तिरप्या कैच्या किंवा जाड पोलादी खांब घालावे लागतात, आणि त्यांनी दार आणखी अरुंद होतं. रुंदी वाढवायची तर दोन दारांमधला खांब काढायला हवा, आणि वरचा मजला नेमका त्याच खांबावर उभा. दुरुस्ती स्वस्त दिसते ती यातलं एकच काम धरल्यामुळे.

राज्याचा अत्यावश्यक सेवा इमारतींचा भूकंप सुरक्षा कायदा १९८६चा. त्यानंतरची फायर स्टेशनं भूकंपानंतरही चालू राहतील अशी बांधावी लागतात. साध्या इमारतीच्या दीडपट भूकंप-भार धरून त्यांचं गणित करतात. आधीच्या इमारतींना हा नियम नव्हता. १८ एप्रिल १९०६च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोचे फायर चीफ डेनिस सुलिव्हन स्वतःच्याच स्टेशनात जबर जखमी झाले. शेजारच्या हॉटेलचा वरचा भाग स्टेशनवर कोसळला होता. शहर जळत असताना दलाला म्होरक्या नव्हता. चार दिवसांनी ते गेले. त्याच शहराच्या मतदारांनी २०१०, २०१४ आणि २०२० साली अनुक्रमे सुमारे ४१ कोटी, ४० कोटी आणि ६३ कोटी डॉलरच्या भूकंप व आपत्कालीन सेवा रोख्यांना मान्यता दिली.

फरशीचं गणित तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत, आम्हीही तसंच करतो. पाण्यासह भरलेला बंब १८ टनांच्या आसपास, शिडीची गाडी त्याच्या दीडपट. जुनी फरशी एवढ्यासाठी घातलेली नव्हती, आणि खाली तळघर असेल तर भेगांकडे काणाडोळा करायचा नाही.

धुराबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तो नकाशात दिसत नाही. जुन्या स्टेशनात गाड्यांची शेड आणि झोपायच्या खोल्या यांच्यात एकच दार. बंब सुरू झाला की डिझेलचा धूर वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर २०१२ साली पहिल्या गटातला, म्हणजे खात्रीनं कर्करोग करणारा, ठरवला. अग्निशामकाचा पेशाच २०२२ साली त्या गटात गेला. आगीतून परतलेले कोट-पँट शेडमध्येच खुंट्यांवर टांगले की त्यांतली काजळी आणि रसायनं हवेत येत राहतात. तुम्ही पांढरा टिश्यू पेपर बिछान्यावरच्या फळीवरून फिरवून दाखवलात, तो करडा निघाला. नव्या नकाशात म्हणून तीन गोष्टी शोधायला सांगितल्यात. गाडीच्या धुराड्याला लागणारी आणि गाडी बाहेर पडताना आपोआप सुटणारी नळी. गणवेशासाठी स्वतंत्र, बाहेर हवा फेकणारी खोली आणि तिथलं मोठं धुलाईयंत्र. आणि शेडमधून राहत्या भागात जाताना मध्ये एक बंद खोली. यातलं काही ‘खर्च वाचवण्यासाठी’ गळलं तर नव्या भिंतींत जुनाच धूर.

आता पैसे. इथे आपले लोक सगळ्यांत जास्त गोंधळतात, आणि तुमचा सगळ्यांत मोठा उपकार इथलाच. मतपत्रिकेवरच्या प्रश्नाला ७५ शब्दांची मर्यादा. त्यातच वर्षाला किती पैसे, कोणत्या दरानं, किती काळ, हेही बसवलेलं आहे, म्हणून तो मजकूर वाचून डोकं गरगरतं. तुम्ही म्हणालात, ते सोडा, मतदार पुस्तिकेतलं कराच्या दराचं निवेदन उघडा. त्यात सरासरी दर, सर्वांत जास्त दर आणि तो कोणत्या वर्षी लागेल, शिवाय व्याजासह एकूण परतफेड, हे कायद्यानं द्यावंच लागतं. समजा, अडीच कोटी डॉलरचे रोखे, व्याज ४ टक्के, मुदत ३० वर्षं. वर्षाचा हप्ता साधारण साडेचौदा लाख, एकूण परतफेड ४ कोटी ३४ लाखांच्या आसपास. गावातल्या सगळ्या मालमत्तांची असेस्ड किंमत, म्हणजे कर आकारण्यासाठी सरकारदरबारी धरलेली किंमत, १,२०० कोटी डॉलर असेल, तर दर एक लाखामागे वर्षाला १२ डॉलर पडतात.

हा कर घराच्या बाजारभावावर नसतो, असेस्ड किमतीवर असतो. १९७८च्या प्रपोझिशन १३मुळे ही किंमत घर विकलं जाईपर्यंत वर्षाला फार तर २ टक्के वाढते. परवा परवा १५ लाखांना घर घेतलेला आपला माणूस वर्षाला १८० डॉलर भरेल. तसंच घर चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या शेजाऱ्याची किंमत अडीच लाख असेल तर तो ३० भरेल. हे अन्यायाचं वाटतं, आणि आहेही. पण त्याचा राग फायर स्टेशनवर काढून उपयोग नाही. नागरिकत्व नसलेले आपले कितीतरी जण हा कर भरतील आणि त्यांना मत नसेल, हेही तुम्ही कुणापासून लपवलं नाहीत.

शहराच्या अशा रोख्यांना दोन-तृतीयांश मतं लागतात, त्याचा अर्थही तुमच्यामुळे डोक्यात शिरला. एक ‘नाही’ भरून काढायला दोन ‘हो’ लागतात. ६६ टक्के लोक बाजूनं असले तरी प्रस्ताव पडतो. ही अट ५५ टक्क्यांवर आणू पाहणारं ‘प्रपोझिशन ५’ मतदारांनीच २०२४च्या नोव्हेंबरमध्ये फेटाळलं. मुंबई-पुण्यात वाढलेल्यांना हे सगळं नवलाचंच. तिथे अग्निशमन केंद्र पालिकेच्या अंदाजपत्रकातून होतं, त्यासाठी कुणी आपलं मत विचारत नाही.

शहराच्या सभेत विचारायला तुम्ही जे प्रश्न लिहून दिलेत, त्यांतल्या तीन प्रश्नांनी सभेत खरी चर्चा घडवली. पहिला: खर्चाचा अंदाज आजच्या भावानं की बांधकाम चालू असेल तेव्हाच्या? वर्षाला ५ टक्के वाढ धरली तर आजचे १०० चार वर्षांत साधारण १२२ होतात, आणि इथेच बहुतेक प्रकल्प तोंडघशी पडतात. मग निम्म्यात पैसे संपले की पहिला बळी धुलाईयंत्राच्या खोलीचा. दुसरा: जुनं पाडल्यापासून नवं होईपर्यंत बंब कुठे उभे राहणार? तात्पुरता मंडप, ट्रेलर, वीज, रेडिओ यांचा खर्च अंदाजात आहे का, आणि तिथून गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचायला किती मिनिटं? तिसरा: रोख्यांत काय बसत नाही? हे पैसे फक्त जमीन आणि इमारतीसाठी. बंब, पगार, सुटं सामान त्यातून घेता येत नाही. त्यासाठी वेगळी तरतूद दाखवा. ऍस्बेस्टॉस काढणं आणि जमिनीखालची जुनी इंधनाची टाकी हे प्रश्न यादीत चौथे-पाचवे होते, त्यांची उत्तरं शहराकडे तयारच होती.

विरोधात लिहिणाऱ्यांनाही तुम्ही तीच पानं, तेच आकडे दिलेत. आपल्यातल्या काहींना ते रुचलं नाही. आमच्या मते तेच बरोबर होतं. आकडे एकाच बाजूला देऊन दोन-तृतीयांश मिळत नाहीत.

आता एक विनंती. शाळांच्या, ५५ टक्के मतांवर मंजूर होणाऱ्या रोख्यांवर नागरिकांची देखरेख समिती कायद्यानंच बसते. शहराच्या रोख्यांना तशी सक्ती नाही, ती ठरावाच्या मजकुरात असली तरच बसते. आपल्या ठरावात ती आहे, आम्ही पान काढून पाहिलं. प्रस्ताव मंजूर झाला तर समितीसाठी अर्ज मागवतील. बांधकामाची बिलं वाचता येणारा माणूस तिथे हवा. तुम्ही अर्ज कराल का? टंकलेखन, पाकिटं आणि सभेला गाडीनं नेण्या-आणण्याचं आमच्याकडे लागलं. मतपत्रिका मतदानाच्या २९ दिवस आधीपासून टपालात पडायला लागतील, त्याआधी एकदा टेबल पुन्हा मांडू. येताना ज्यानं त्यानं आपलं मालमत्ता कराचं बिल आणायचं, म्हणजे असेस्ड किंमत तिथल्या तिथे पाहून दर लावता येईल.

आपले,
गावातले मराठी मतदार, आणि मत नसलेले करदातेही