मांजर, लिली आणि उंच फळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील घरातल्या बागेवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आवडीने आणि दुसऱ्यांदा, आपण खरोखरच असे छापले आहे का याची खात्री करून घेण्यासाठी. लेखासोबतच्या छायाचित्रात टेबलावर लिलीच्या फुलांनी भरलेली फुलदाणी आहे आणि तिला अंग घासत एक मांजर उभे आहे. छायाचित्र देखणे आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते मांजर ज्यांचे असेल त्यांच्याकडे त्याच्या प्रकृतीची चौकशी मात्र आपण अवश्य करावी.

३१ मे २०१९ रोजी मी बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाले. निरोप समारंभात मिळालेल्या गुच्छांपैकी ओरिएंटल लिलीचा सर्वांत मोठा गुच्छ मी कौतुकाने घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. रात्री मनीच्या पांढऱ्या पाठीवर मला पिवळा-तपकिरी डाग दिसला. स्वयंपाकघरात कुठेतरी हळद सांडली असेल असे वाटून मी तो ओल्या फडक्याने पुसू लागले, तोवर निम्मा डाग तिने स्वतःच चाटून साफ केला होता. ते लिलीचे पराग होते, हे मला सोमवारी कळले.

शनिवारी सकाळी तिला तीन-चार उलट्या झाल्या. जवळच्या दवाखान्यात नेले, तेव्हा पोटात केसांचा गोळा झाला असेल, उन्हाळाही आहे, असे सांगून एक इंजेक्शन देऊन आमची बोळवण करण्यात आली. घरात कोणती फुले, कोणती झाडे आहेत, हे कोणी विचारले नाही आणि मलाही ते सांगण्याचे सुचले नाही. संध्याकाळी उलट्या थांबल्या, तेव्हा गुण आला म्हणून आम्ही निर्धास्त झालो. या विषबाधेत मध्ये असा एक फसवा उतार पडतो आणि आत मूत्रपिंडे निकामी होत राहतात, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना खरे वाटणार नाही. रविवारी ती पाण्याच्या वाटीपाशी बसून राहिली, पण पाण्याला तोंड लावीना, आणि दवाखाना बंद होता. सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासायला घेण्याआधीच पहिला प्रश्न विचारला, ‘‘घरात लिली आहे का?’’ त्यांच्या सांगण्यानुसार या विषावर उतारा नाही. अठरा तासांच्या आत शिरेतून सलाईन सुरू करून ते दोन-तीन दिवस चालू ठेवले, तर मांजर वाचण्याची आशा असते. आमचे अठरा तास शनिवारी दुपारीच संपले होते. मंगळवारी पहाटे मनी गेली.

लिलीचे पान, पाकळी, पराग, एवढेच काय, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराला घातक ठरते. बागेत लावतात ती डे लिलीही त्यातलीच. कुत्र्याने हीच फुले खाल्ली तर त्याचे पोट बिघडते, मूत्रपिंडे जात नाहीत. मांजराच्याच नशिबी हे का, आणि नेमके कोणते द्रव्य हे करते, हे शास्त्रज्ञांनाही अद्याप निश्चित सांगता आलेले नाही. आपल्या लेखिकेने मात्र खऱ्या लिलीला आणि पीस लिलीला एकाच ओळीत बसवून दोन्ही ‘निरुपद्रवी’ ठरवल्या आहेत. पीस लिली ही मुळात लिलीच नव्हे. ती चावली तर मनी प्लांट किंवा डिफेनबाखियासारखी तोंडाची आग होते, लाळ गळते, पण सहसा जीव जात नाही.

शेवटी ‘घरात प्राणी असल्यास कुंड्या उंच फळीवर ठेवाव्यात’ असा सल्ला आहे. लेखिकाबाईंनी मांजर हा प्राणी कधी पाहिला आहे का, असे विचारण्याचा मोह मी आवरते. आमची मनी फ्रिजवरून कपाटावर आणि कपाटावरून माळ्यावर जाऊन झोपत असे. घरातली सर्वांत उंच फळी हीच तिची हक्काची जागा होती.

त्याच लेखात ‘कमी देखभालीचे’ म्हणून सॅगो पामची भलामण आहे. हा ताड-माडांपैकी नसून सायकस आहे. त्याचा प्रत्येक भाग, आणि बी तर सर्वाधिक, विषारी असून त्याने यकृत निकामी होते. आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी प्रवेशद्वाराशी याची चार झाडे शोभेसाठी लावली. मी सभेत विषय काढला, तेव्हा ‘भटक्या मांजरांसाठी आता बागसुद्धा बदलायची का?’ असे विचारून सगळे हसले आणि विषय पार्किंगकडे वळला.

ज्यांना मांजरासोबत हिरवळही हवी आहे, त्यांच्यासाठी अरेका पाम आणि स्पायडर प्लांट आहेत, फुलांसाठी गुलाब आहे, आणि मांजराला चघळायला एका पसरट कुंडीत गहू पेरून ठेवले की आठवड्याभरात तृण उगवते. हे छापायला आपल्याला चार ओळी पुरल्या असत्या.

जाता जाता एक. मार्चमध्ये आपण माझे पाणीपुरवठ्यावरचे पत्र छापले, त्याबद्दल आभार. परंतु त्यातील वेळांचा तपशील गाळून केवळ माझा संताप तेवढा शिल्लक ठेवला होता. या वेळी जागेअभावी कात्री लावायचीच असेल, तर मनीची हकीकत खुशाल कापावी. झाडांची नावे आणि अठरा तासांची ओळ तेवढी राहू द्यावी.

आपली,
एक जुनी वाचक, कोथरूड, पुणे