खिसे किती लावू?

किसन नगर, ठाणे
१४ जुलै

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझी जाड हिरवी वही सध्या इस्त्रीच्या टेबलावर वाळते आहे, पानापानांत वर्तमानपत्राचे कागद घालून. परवाच्या पावसात तुझ्या खोलीची खिडकी नेहमीसारखी गळली. कपाट पुढे ओढलं तर मागे ही पडलेली. पानं सुटी करताना डोळा गेला, आणि गेला तो गेलाच. त्यात दुपारी तीन तास लाइट नव्हती, मशीन बंद, पोरी घरी गेलेल्या. अख्खी वाचून काढली. रागावू नकोस. पुण्याला जाताना तूच म्हणाला होतास, 'आई, ते सगळं रद्दीत टाक.'

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतोस आणि मागे कीबोर्डचा आवाज येत राहतो. म्हणून लिहायला बसले.

तुझं 'लोकसत्ताक कोकण' मला आवडलं. १९४६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या नौदलातल्या आपल्या खलाशांनी संप मागे घेतलाच नाही, गिरण्या बंदच राहिल्या, तलासरीकडून वारली खाली उतरले आणि मुंबई ते सावंतवाडी कामगारांचं राज्य आलं, असं तू धरलंस. खरं काय झालं ते मी अण्णांकडून लहानपणापासून ऐकत आले. ते तेव्हा दहा वर्षांचे, परळच्या चाळीत. १८ तारखेला कुलाब्याच्या 'तलवार' केंद्रावर खलाशी अडून बसले. कारण काय, तर जेवण धड नाही आणि गोऱ्या साहेबाच्या शिव्या. बघता बघता ७८ जहाजं त्यात आली, आपल्या ठाण्यातल्या 'अकबर' तळावरची पोरंसुद्धा आली. काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि लाल बावटा असे तिन्ही झेंडे एकत्र चढले. २२ ला गिरणगाव बंद झालं आणि गोळीबार सुरू झाला. अण्णांच्या आईने पोरांना खाटेखाली ढकललं. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून जास्त माणसं गेली. २३ ला सरदार पटेलांच्या सांगण्यावरून खलाशांनी संप सोडला. अण्णा एवढंच म्हणायचे, 'आणखी चार दिवस थांबले असते तर...' आणि पुढे गप्प. तुझी वही त्या 'तर'पासून सुरू होते. ते असायला हवे होते वाचायला.

राजकारणातलं मला फार कळत नाही, आणि अण्णांच्या राजकारणाने आमच्या घरात काय काय झालं ते तुला ठाऊक आहे. मी तुझी फौज शिंपिणीच्या नजरेने बघितली. तुझ्या वहीतली सव्वीस पानं तर गणवेशांचीच आहेत की!

आधी भांडण. वारल्यांना तू घेतलंस हे बरं केलंस. तलासरी तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती आणि १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध गोदावरी परुळेकरांनी त्यांना उभं केलं, हे आता ठाण्यातल्या पोरांना सांगावं लागतं. पण अरे, त्या वारल्याच्या अंगात तू घातलंयस काय? पोटरीपर्यंत लोकरीचा कोट! डोक्यावर ती टोकदार टोपी! ती टोपी रशियाच्या घोडदळातल्या बुद्योन्नीच्या नावाने ओळखतात. कान झाकायला तिला पट्ट्या असतात, कारण तिकडे कान गोठतात. कळव्याच्या खाडीवर जूनमध्ये कोणाचे कान गोठतात रे? तो कोट मात्र मला आवडला. कापड इतकं घट्ट असतं की खाली तुरपाईसुद्धा करत नाहीत, कापलं तसंच सोडतात, सूत निघत नाही. पण आपल्याकडे त्याला आठ दिवसांत बुरशी येईल, आणि पावसात भिजला की तो कोटच माणसाला ओढत नेईल.

रशियाकडे कशाला बघतोस? व्हिएतनामकडे बघ. तीही लाल फौज, तिथेही पाऊस, चिखल आणि भातखाचरं. ते लोक जुन्या टायरच्या चपला करून घालत. चामडं कुजतं, टायर कुजत नाही. नाहीतर ब्रह्मदेशात लढलेल्या आपल्याच शिपायांना विचार (म्हणजे वाच, आता विचारायला कोण उरलंय). तिकडच्या फौजेने खाकी सोडून गडद हिरवं सुती कापड घेतलं होतं. ड्रिलचं कापड, सैल बेतलेलं, काखेत हवा खेळणारं. उल्हासनगरला आजही चांगलं ड्रिल मिळतं. भाव विचारून ठेवला आहे. बाबा म्हणाले, 'आता त्या फौजेची ऑर्डरसुद्धा घेणार का तू?'

आता खरं बोलायचं ते. पान एकोणीसवर तू मोठ्या अक्षरात लिहिलंस, 'आमच्या सैन्यात हुद्दे नाहीत. सगळे कॉम्रेड. खांद्यावर काही नाही.' खाली दोन रेघा मारल्यास. मी त्या पानावर थांबले. आमच्या धंद्यात खांद्यावर काय लावायचं नाही, हे आधी विचारून घ्यावं लागतं. ते नाही लावलं तर दुसरीकडे कुठे लागणार, हे गिऱ्हाईक नंतर सांगतं.

मग मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले, दोनदा. मोबाइलवरही बरंच बघितलं. रशियात डिसेंबर १९१७ मध्ये हुद्दे, मानाची संबोधनं, खांद्याच्या पट्ट्या, सगळं एका फर्मानाने काढून टाकलं. 'अधिकारी' हा शब्दसुद्धा नको, 'कमांडर' म्हणायचं. खांद्याची सोनेरी पट्टी म्हणजे जुन्या झारच्या माणसाची खूण, ती दिसली की डोकं फिरायचं. इथवर तुझ्या वहीसारखंच आहे. मग १९१९ ला बाहीवर चिन्हं आली: त्रिकोण, चौकोन, शंकरपाळे. (शंकरपाळ्याचा आकार बघून मला दिवाळी आठवली, काय करू.) पुढे ती कॉलरवर चढली. १९३५ ला मार्शल हा हुद्दाच आला, पहिले पाच जण. त्यातले तीन स्टालिनच्या साफसफाईत गेले, ती गोष्ट तुला माहीत असणार. १९४० ला जनरल परत आले. आणि जानेवारी १९४३ मध्ये, स्टालिनग्राडची लढाई संपत आली असताना, खांद्याच्या पट्ट्या परत. बारीक कड, बटण, तारे, जवळजवळ त्याच जुन्या बेताच्या. सव्वीस वर्षंही झाली नव्हती. लाखो कोटांचे खांदे उसवून पट्टी बसवायची, त्याही लढाईच्या मध्यात. मला त्या शिवणाऱ्या लोकांची दया आली.

ते एक वेळ उघड तरी होतं. चीनची गोष्ट मला जास्त लागली. तिथे १९६५ मध्ये हुद्दे रद्द केले. सगळ्यांना एकच हिरवा सदरा, टोपीवर लाल तारा, कॉलरला दोन लाल कापडी तुकडे. शिपायाला तेच, सेनापतीलाही तेच. फोटोत कोण मोठा कोण लहान ओळखू येऊ नये असं. पण शिंपिणीला येतं, ओंकार. शिपायाच्या सदऱ्याला दोन खिसे. अधिकाऱ्याच्या सदऱ्याला चार.

खांद्यावरून हुद्दा काढला तर तो खिशात जाऊन बसला. १९७९ ला व्हिएतनामशी लढताना तुकड्या एकमेकींत मिसळल्या आणि कोणाचं ऐकायचं हे कळेना, कारण धुमश्चक्रीत कोण कोणाचे खिसे मोजणार? १९८८ ला हुद्दे परत आणले.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. चीनमुळे नाही. तुला सांगितलं नव्हतं. तू पहिल्या सेमिस्टरला होतास तेव्हा मी एका एजन्सीचं जॉबवर्क घेतलं होतं. सोसायट्यांना वॉचमन आणि सफाईची माणसं पुरवणारी एजन्सी. दीडशे नग. वॉचमनचा शर्ट दोन खिशांचा. सुपरवायझरचाही दोनच, पण खिशाला झाकण आणि खांद्याला पट्टी. सफाईच्या बायकांचे कोट बिनखिशाचे. मी विचारलं, 'अहो, फडकं, चावी, मोबाइल कुठे ठेवायचा बाईने?' तो म्हणाला, 'ताई, खिसा दिला की वस्तू जातात.' मी शिवले. फीचे पैसे भरायचे होते. माल द्यायला गेले तेव्हा एक बाई कोट अंगावर चढवून बघत होती, माझ्याच वयाची. तिने दोन्ही हात कमरेखाली सरकवले, आपण सगळेच नवा कपडा घातल्यावर सरकवतो तसे. खिसा सापडला नाही. मग तळवे तसेच मांड्यांवर पुसले आणि हसली माझ्याकडे बघून. त्या ऑर्डरच्या शेवटच्या चाळीस नगांचे पैसे अजून आलेले नाहीत, ते सोड.

तर तुझ्या लोकसत्ताकात सगळ्यांना चार खिसे द्यायचे म्हण. हिशेब करून दाखवते. खिसा कापणं, दुमडणं, झाकण, काज, बटण: मुरलेल्या हाताला एका खिशाला दहा मिनिटं. दोन जादा खिसे म्हणजे वीस. तुझी फौज एक लाखाची. वीस लाख मिनिटं, म्हणजे तेहतीस हजार तासांच्या वर. शंभर बायका रोज आठ तास बसल्या तर बेचाळीस दिवस, नुसते जादा खिसे लावायला. आणि युद्ध तर तुझं तिसऱ्या आठवड्यातच सुरू होतं. मग कोणीतरी वरून म्हणणारच की सध्या शिपायाला दोन पुरेत, बाकीचे नंतर बघू. एवढंच म्हणायचा अवकाश! त्या शंभर बायका मला तुझ्या वहीत कुठे सापडल्या नाहीत. रणगाडे आहेत, पाणबुडी आहे, प्रत्येक तुकडीवर कमांडरच्या सहीशेजारी सही करणारा पक्षाचा माणूसही आहे. (त्याचं तेवढं बघ. एका टेबलावर दोन कटिंग मास्तर ठेवले की कापड वाया जातं. रशियानेही १९४२ मध्ये ती दोन सह्यांची पद्धत बंद केली.) शिवणारं मात्र कोणी नाही.

बायकांच्या तुकडीबद्दल तर तुला समोर बसवून बोलायला हवं. परळच्या गोळीबारात कमल दोंदे गेल्या, त्यांच्या आठवणीची म्हणून तुकडी काढलीस, छान केलंस. पण चित्रातल्या त्या मुलींच्या कमरेला इतके टक्स घातलेस की वाकून बूट बांधता येणार नाही, खंदक खणणं लांबच. हे कुठल्या गेममधून आलंय ते मला कळतं. रशियाच्या फौजेत दुसऱ्या महायुद्धात आठ लाखांच्या आसपास बायका होत्या. सुरुवातीला त्यांना पुरुषांचेच कपडे मिळाले, आतल्या कपड्यांसकट. बूट दोन-तीन नंबर मोठे, त्यात चिंध्या कोंबायच्या. ते काढ ना चित्रात. ढगळ सदरा, बाही तीनदा दुमडलेली, पट्ट्याला जादा भोक पाडलेलं. अशी मुलगी काढलीस तर मी ओळखेन तिला.

एक गोष्ट मात्र तुझ्या फौजेत घालच. रशियन शिपाई कॉलरच्या आत पांढऱ्या कापडाची एक पट्टी स्वतःच्या हाताने टाके घालून लावायचा. मळली की काढायची, धुवायची, परत लावायची. मान स्वच्छ राहते, घामाने कॉलर कुजत नाही. सकाळी तपासणी व्हायची. म्हणजे तिथे प्रत्येक गड्याला सुई धरता यायची. तुला अजून बटण लावता येत नाही.

उल्हासनगरच्या दुकानदाराने ड्रिलचा एक तुकडा नमुना म्हणून दिला होता, सव्वादोन मीटर. त्यातून तुझ्या फौजेचा एक सदरा बेतला आहे, तुझ्याच मापाचा. छाती अडतीसच धरली आहे. मेसचं खाऊन वाढली असेल तर सांग. कॉलर झाली, बाह्या झाल्या, खांद्यावर तू म्हणतोस तसं काही नाही. समोर खडूने चार चौकोन आखून ठेवलेत, वर दोन, खाली दोन. अजून एकही खिसा लावलेला नाही. तुझं ठरलं की कळव, पण आधी तुझ्या त्या साध्या शिपायाला विचारून.

तुझी,
आई

ता. क. वहीतल्या पान त्रेपन्नची शाई उतरली आहे, पाणबुडी गेली. बाकी सगळं शाबूत आहे. रद्दीत टाकणार नाही.