लाल चेहरा आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी ट्यूब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात धाकट्या दिरांची मुलगी आमच्याकडे राहायला आली होती. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलंय. तिच्या पर्समध्ये तोंडाला लावायच्या स्टिरॉइड मलमाची एक ट्यूब दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. तीच ट्यूब मी दीड वर्ष तोंडाला लावली होती. म्हणून हे पत्र.

मी वडगावात राहते. घरीच ज्वारीच्या भाकऱ्या करून विकते, रोजच्या दीडशे-दोनशे. एक्केचाळिसाव्या वर्षी गालांवर आणि नाकावर लाली यायला लागली. तव्यासमोरून उठले की तोंड तासभर धगधगायचं. सगळे म्हणाले, उष्णता आहे, सब्जा घ्या, ताक प्या. मग बारीक पुळ्या आल्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, ते मला पिठामुळे वाटायचं.

एका मेडिकलमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलानं तोंडाकडे बघून ट्यूब काढून दिली. चिठ्ठी मागितली नाही, किती दिवस लावायची तेही सांगितलं नाही. आठ दिवसांत चेहरा स्वच्छ आणि उजळ झाला. भाकऱ्या न्यायला येणाऱ्या बायका विचारायच्या, "अक्का, काय लावता?" त्यांतल्या दोघींना मी त्याच दुकानात पाठवलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे दोन दिवस ट्यूब चुकली की तोंड पेटायचं, लावली की शांत व्हायचं. कातडी पातळ झाली, नाकाच्या कडेला लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर केस आले. उन्हात पाय टाकला की मिरची चोळल्यासारखी आग. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी घरातल्या सगळ्या ट्यूब आणि साबण पिशवीत घालून आणायला सांगितले. बघून म्हणाले, "हे पिंपल्स नव्हेत. पिंपल्समध्ये काळे-पांढरे दाणे असतात, तुम्हाला ते नाहीत. हा रोझेशिया आहे, तोंडावर लाली आणि पुळ्या आणणारा कातडीचा आजार, आणि या ट्यूबमधल्या स्टिरॉइडनं तो वाढवलाय." आपल्या सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हा आजार ओळखायला उशीर होतो, हेही त्यांनी सांगितलं.

ट्यूब बंद केल्यावरचे पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. तोंड सुजलं, पू भरला. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं म्हणून मी टिकले. नाहीतर परत त्याच दुकानाची पायरी चढले असते. बरेच महिने लावलेली अशी ट्यूब कुणी आपल्या मनानं एकदम सोडू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. मला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आणि मेट्रोनिडाझोलचं जेल दिलं, नंतर रात्री लावायला आयव्हरमेक्टिनची क्रीम. डोळ्यांचं खुपणंही याच आजाराचं निघालं. पापण्या कोमट पाण्यानं शेकून रोज पुसायला सांगितल्या.

घरचे उपाय मात्र कमी करावे लागले, वाढवावे लागले नाहीत. बेसन, लिंबू, स्क्रब, वाफ घेणं, सगळं सोडलं. आता कोमट पाणी, फेस न होणारं सौम्य क्लिन्झर, वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, एवढंच. नवीन काही आणलं तर आधी चार दिवस जबड्याखाली लावून बघते. भाकऱ्यांच्या हिशेबाच्या वहीत मी दोन महिने लिहून ठेवलं, कुठल्या दिवशी तोंड लाल झालं आणि त्याआधी काय खाल्लं, काय केलं. माझ्या बाबतीत शेगडीची धग, कढत चहा आणि संकेश्वरी मिरचीचा ठेचा निघाला. वांग्याला लोक नावं ठेवतात, मला त्यानं काही झालं नाही. ज्याचं त्यानं शोधावं लागतं. धंदा सोडणं शक्य नव्हतं. शेगडीजवळ एक्झॉस्ट फॅन बसवला, भाकऱ्या सकाळ-संध्याकाळ अशा वाटून घेतल्या, मानेवर ओला रुमाल ठेवते.

शिरा औषधानं गेल्या नाहीत. त्यांना लेझर करावं लागलं, महिन्याच्या अंतरानं तीन वेळा. त्यात माझी अख्खी भिशी गेली. पण डॉक्टरांनी चेहरा शांत होईपर्यंत कित्येक महिने हातच लावला नाही, आणि आधी कानापुढे लहानशा जागेवर करून पाहिलं. सावळ्या कातडीला चुकीचं मशीन किंवा जास्त ताकद लागली तर भाजतं, काळे डाग पडतात. पार्लरच्या ऑफरमध्ये हे करून घेऊ नका, असं मी हात जोडून सांगते. शिरा पुष्कळ पुसट झाल्या. त्या पुन्हा दिसू लागतील, हा आजार मुळासकट जात नाही, हे मला सांगितलेलं आहे. तो आटोक्यात राहतो.

केंद्र सरकारनं २०१८ साली चौदा प्रकारची स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ट्यूबवर तशी सूचना असते, पण ती बारीक इंग्रजीत. आमच्या गल्लीतल्या किती बायका ती वाचतील? माझी मागणी साधी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या प्रत्येक औषध दुकानात कन्नड आणि मराठीतून ठळक पाटी लावावी, की चेहऱ्यासाठी स्टिरॉइड मलम चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. औषध नियंत्रण खात्यानं ते तपासावं. आणि आपल्या दैनिकानं अशा स्टिरॉइडची ही नावं एका चौकटीत मराठीत छापावीत: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. मोमेटासोन तर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन या औषधांबरोबर एकाच ट्यूबमध्ये घालून गोरेपणाच्या नावानं खपतं. पुतणीच्या पर्समध्ये होती ती हीच. तिनं दोनच महिने लावली आहे. सोमवारी मी तिला माझ्या डॉक्टरांकडे नेते आहे.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव
(नाव छापू नये ही विनंती)