अंबाजोगाईच्या खानावळीतल्या मावशींना, मनापासून

मावशी, नमस्कार. तुम्हाला आठवत असेल की नाही माहीत नाही, वैशाखात दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही आलो होतो, सोबत नऊ वर्षांची चिमी, कोमेजलेली. त्या दिवशी नीट बोलताच आलं नाही म्हणून आता लिहितेय.

चिमीला सिलियाक आहे. गहू आणि जव यातलं ग्लुटेन तिच्या आतड्याला इजा करतं, त्यावर औषध नाही, जन्मभर पथ्य हाच इलाज. वजन वाढेना, रक्त कमी, शेवटी दुर्बिणीने तपासून कळलं. घरी जमतं हो, आपल्याकडं भाकरीच तर आहे. पण नांदेडहून परळी, अंबाजोगाई करत तुळजापूरला कुलदेवीला जायचं म्हणजे पोटात गोळाच. धपाट्यात गव्हाचं पीठ, येसर आमटीच्या येसरात बहुतेक घरी गहू भाजून टाकतात, प्रसादाला पुरणपोळी नाहीतर शिरा. सकाळी घरचा चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन निघालो होतो, आणि आदल्या वेळी एका हॉटेलात "शुद्ध ज्वारी" म्हणून दिलेली भाकरी खाऊन लेकरू रात्रभर ओकलं होतं, नंतर कळलं की भाकरी तुटू नये म्हणून पिठात गहू मिसळतात, तेव्हापासून माझा कशावर विश्वासच राहिला नव्हता.

सगळीकडं एकच ऐकायचं, थोडं खाल्लं तर काय होतंय. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलंत, "गव्हाचा हात लागलेला पण चालत न्हाई का माय?" मी नाही म्हणाले तर तुम्ही स्वतःहूनच सांगितलंत की डब्यातलं पीठ नको, गिरणीत गव्हाच्या मागनं दळलंय.

मग तुम्ही शाळू ज्वारी निवडून मिक्सरचं भांडं दोनदा धुऊन त्यात दळला. चाळणी हातात घेतली आणि परत खाली ठेवली, कारण ती गव्हाचीच, आणि धुतलेल्या पांढऱ्या फडक्यातून पीठ गाळायला बसलात, चिमटी चिमटीने, वीस मिनिटं तरी, तेही जेवणाची वेळ उलटून तुमची पाठ टेकायची वेळ झालेली असताना. तवा राखेने घासलात. पीठ जाडसर म्हणून उकळत्या पाण्यात मळलंत. वरणाला फोडणी देताना हिंगाची डबी उन्हात धरून बारीक अक्षरं वाचायला लावलीत मला, आणि त्यात खरंच गव्हाचं पीठ निघालं! तीन वर्षं पथ्य करतोय, माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. घरी तीच डबी होती, आल्याबरोबर टाकून दिली. चिमीचं अधूनमधून पोट दुखायचं ते आता थांबलंय.

भाकरी कडेला चिरली होती, तुम्हालाच वाईट वाटलं. चिमीने दोन खाल्ल्या, शेंगदाण्याच्या चटणीसोबत, आणि तिसरी मागितली. प्रवासात तिने मागून खाल्लेलं मी पहिल्यांदाच बघितलं मावशी. तुम्ही पैसे नुसते ताटाचेच घेतलेत, वर फडक्यात उरलेलं पीठ बांधून दिलंत, त्यावर तुळजापूरचा मुक्काम निघाला.

नवरात्रात परत येतोय. येताना आमच्या शेतातला शाळू आणते, आणि एक नवी चाळणी घेतलीय, कडीला चिमीने लाल दोरा बांधलाय म्हणजे गव्हात जायची नाही. ती तुमच्याकडंच ठेवा.