आधी रुळायचं की आधी नागरिक व्हायचं?

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "परका माणूस आधी नीट रुळू दे, मग द्यावं नागरिकत्व." बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते आहे.

बहुतेक देशांचे कायदे तुमच्याच बाजूचे आहेत. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण ५ वर्षं, स्वित्झर्लंडमध्ये एकूण १०, कॅनडात ५ वर्षांतले १,०९५ दिवस प्रत्यक्ष देशात. जर्मनीने २०२४ मध्ये ८ वर्षांची अट ५ वर आणली. आपल्या १९५५ च्या कायद्यात तर अर्जाआधीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांतली ११ वर्षं भारतात काढावी लागतात.

काही वर्षांची अट असावी, हे मलाही मान्य आहे. पण नुसती वर्षं भरली म्हणून माणूस रुळतो का? वीस वर्षं राहूनही शेजाऱ्याशी न बोललेले लोक असतातच.

स्वित्झर्लंडमधली गोष्ट सांगते. तिथल्या काही गावांत परदेशी अर्जदाराला नागरिक करायचं की नाही, यावर गावकरी चक्क गुप्त मतदान करायचे. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. पुढे संशोधकांनी थोडक्या मतांनी स्वीकारलेल्या आणि थोडक्या मतांनी नाकारलेल्या अर्जदारांची तुलना केली. दोन्हीकडची माणसं जवळपास सारखीच, फरक फक्त निकालाचा. बऱ्याच वर्षांनंतरही नागरिकत्व मिळालेले लोक राजकारणात जास्त रस घेत होते, समाजात जास्त मिसळलेले होते. ज्यांना ते लवकर मिळालं आणि ज्यांच्याकडे एरवी संशयाने पाहिलं जायचं, त्यांच्यात हा फरक अधिक होता. म्हणजे बाबा, रुळण्याचं बक्षीस म्हणून नागरिकत्व ठेवलं, तर रुळणंच लांबतं. मला हे मनापासून पटतं. उद्या देशात राहण्याचा परवाना वाढवून मिळेल की नाही ही धास्ती असली, तर माणूस धंद्यात पैसे घालायला आणि मुलांची शाळा ठरवायलाही कचरतो.

आई, आता तुझ्यासाठी. या अटींचा सर्वात जास्त त्रास कोणाला होतो माहीत आहे? ज्यांचे आई-वडील थकले आहेत त्यांना. अमेरिकेत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं, की सलग वास्तव्य मोडलं असं धरतात. तसं नाही हे अर्जदाराने पुराव्यानिशी दाखवायचं. वर्षभर गेलं तर बहुधा मोजणीच नव्याने. आजारी आईच्या उशाशी बसलेली मुलगी त्या देशापासून मनाने दूर गेली, असं कसं म्हणायचं? आई-वडिलांच्या आजारपणासाठी या नियमात सरळ सूट हवी, असं माझं ठाम मत आहे.

आणि एक. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर ये-जा करता येते, पण मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे परदेशी नागरिकत्वाचा माझा अर्ज भरण्याआधी जमिनीच्या कागदांबद्दल बाबांशी सविस्तर बोलायचं आहे. तोवर मी काहीही सही करणार नाही.

तुमची,
लेक