मुदत संपलेली बिअर आणि वर 'कूलिंग'चे दहा रुपये

कोल्हापूर
दि. २१ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : रंकाळ्याच्या बाजूला असलेल्या आपल्या वाईन शॉपबाबत तक्रार

महोदय,

दारूच्या दुकानाची तक्रार कागदावर करू नये, असं आमच्या घरचं मत पडलं. लोक काय म्हणतील? मी म्हटलं, पैसे रोख मोजलेत, उधारीवर पितोय होय? तेव्हा लिहितो.

शनिवारी, १९ तारखेला, आखाडाच्या मटणाला सांगलीहून मेहुणे यायचे होते. येत्या शुक्रवारी श्रावण लागतोय, म्हणजे हा शेवटचाच शनिवार. सहा बिअर आणि मेहुण्यांसाठी नाशिकची एक रेड वाईन घेतली. प्रत्येक बिअरमागं छापील किमतीवर दहा रुपये जादा लावले. कशाचे, तर 'कूलिंग'चे. बाटली हातात घेतली तर कोमट. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "लाइट आत्ताच गेल्ती, काका." डोक्यावर ट्यूब चालू होती. फ्रिजच्या काचेला आतून काळी बुरशी धरलेली. ती काही आत्ताच्या आत्ता धरत नाही.

घरी बाटल्या पुसताना सौ.नी दाखवलं. बुचाखाली गंजाचं तांबडं कडं, लेबल भिजून सुटलेलं. उजेडात धरून तारीख वाचली : ११ डिसेंबर २०२४, सहा महिन्यांच्या आत वापरावी. सहांतल्या चार बाटल्या त्याच तारखेच्या. म्हणजे ११ जूनलाच मुदत संपलेली. वाईनची वेगळीच तऱ्हा. बूच उघडताना मोडलं, अर्धं आत पडलं, आणि वास आला तो सरळ व्हिनेगरचा. ती बाटली तुमच्याकडे वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या शेजारी, किती दिवस उभी होती देव जाणे. तिच्यावरच्या धुळीत माझी बोटं उमटली होती. उभ्या बाटलीचं बूच वाळतं, वाळलं की हवा आत जाते. मेहुणे म्हणाले, राहू द्या, काकडीच्या कोशिंबिरीला होईल. पाहुण्यांसमोर हसलो, पण मनातून मेलो.

रविवारी परत गेलो. उत्तर मिळालं, "दारूला कुठली एक्स्पायरी? जुनी तेवढी भारी." सीलबंद व्हिस्कीचं एकवेळ मान्य; पण बिअर म्हणजे व्हिस्की नव्हे, म्हणून तर तिच्यावर तारीख छापतात. मग म्हणाला, "बिल दाखवा." बिल मागितलं तेव्हा मशिनचा रोल संपला होता, हे त्याच्या लक्षात नसावं.

हे दुकान मी बावीस वर्षं ओळखतो. आधीचे मालक स्वतः गल्ल्यावर बसत, बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून देत आणि पाव्हण्यांची चौकशी करत. तुमच्या कंपनीनं घेतल्यापासून तिथं कुणाचं लक्षच नाही. पाटीवरची अक्षरं गळालीत. पावसात छत गळतं, पुठ्ठ्याचे बॉक्स ओल्या फरशीवर तसेच पडलेले असतात. पायरी फुटली, तिथं विटेवर फळी टाकलीय. पायरीचं एक वेळ सोसलं असतं. पण जूनमध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क वाढलं, तेव्हा जुनी किंमत छापलेली व्हिस्कीसुद्धा इथं नव्या भावानं विकली गेली. ती मीच घेतली, आणि गप्प बसलो.

तुमच्या माणसांचा सगळा भरवसा ह्या गप्प बसण्यावरच आहे. मान खाली घालून, पिशवीत लपवून नेणारा माणूस काउंटरवर भांडत नाही. माझ्या पाकिटात हजार रुपये भरून काढलेला दारू पिण्याचा आजीवन परवाना आहे. तुमच्या दुकानात तो आजवर कुणी मागितला नाही. मिसरूड न फुटलेल्या पोरांनाही कुणी वय विचारताना पाहिलं नाही. बिअरला २१ आणि व्हिस्कीला २५ पूर्ण लागतात, एवढं तरी त्यांना सांगून ठेवा.

चार बिअर आणि वाईनचे पैसे परत हवेत, सहाही बाटल्यांचे जादा साठ रुपयेही. फ्रिज दुरुस्त करा, बिल द्या, फळीवरचा जुना माल काढा. पंधरा दिवस वाट बघतो. नंतर छापील किमतीचं वैध मापनशास्त्रवाल्यांकडे, मालाचं राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे, आणि ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन आहेच.

चारही बाटल्या न उघडता माळ्यावर ठेवल्या आहेत. आपला माणूस तपासायला पाठवावा. श्रावणात त्यांना घरी कुणी हात लावणार नाही.

आपला,
बावीस वर्षांचा गिऱ्हाईक